शेजारधर्म

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्याकडे घराघरांतून ताटे फिरतात. विणलेल्या रुमालाखाली चार चकल्या, दोन लाडू, मूठभर चिवडा आणि कडेला शंकरपाळे. ज्या घरी ताट गेले तेथून ते रिकामे परत येत नाही. निदान चमचाभर साखर तरी त्यात पडतेच. शेजारची चकली नरम पडली आहे, लाडवाचा पाक चुकला आहे, हे सर्वांना कळते. परंतु कोणी बोलून दाखवीत नाही. "छान झालंय हो," असे म्हणून ताट परत करावयाचे, हा आपला शेजारधर्म. चकलीपुरता तो उत्तमच आहे. परंतु चकलीपलीकडच्या गोष्टींतही तोच धर्म चालवावा काय, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे छळीत आला आहे, आणि त्याचे मूळ एका दिवाळीतच आहे.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. आम्ही सहा बिऱ्हाडांच्या एका जुन्या वाड्यात राहत होतो. आमच्या आणि शेजारच्या बिऱ्हाडाच्या मध्ये भिंत नव्हती, नुसती फळ्यांची पडदी होती. शेजारचे गृहस्थ रात्री पिऊन येत आणि बायकोला मारीत. पडदीपलीकडचे सारे आम्हांला ऐकू येई. आवाज सुरू झाला की आई रेडिओ मोठा करी. "दुसऱ्याच्या घरातलं आहे ते, आपण कशाला?" एवढेच ती म्हणे, आणि वाड्यातली बाकीची बिऱ्हाडेही बहुधा हेच म्हणत असावीत.

एका वर्षी ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तो आवाज सुरू झाला. आबांना राहवले नाही. हातातली घंटा खाली ठेवून ते उठले आणि शेजारच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मीही मागोमाग गेलो. शेजारच्या गृहस्थांनी दार उघडले, आबांकडे पाहिले आणि मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मला शिकवायला आलात? परवा तुमच्या या पोराच्या पाठीवर वळ होते, ते कुणी उठवले हो?"

वळ आबांनीच उठवले होते. पाढे चुकल्याबद्दल. आबा काही बोलले नाहीत. खाली मान घालून परत आले आणि पूजेला बसले. पडदीपलीकडे आवाज पुन्हा सुरू झाला.

मग समोरच्या खोलीतल्या मावशी उठल्या. त्या एकट्या राहत आणि लोकांच्या पोळ्या लाटून पोट भरीत. त्यांच्या खोलीचे दार सकाळी उघडे तेव्हापासून निजेपर्यंत उघडेच असे. आत काय शिजते, कोण येते, सारे वाड्याला दिसे. त्या घरातली धाकटी मुलगी मागच्या दाराने पळत त्यांच्याकडे गेली होती. मावशी फराळाचे ताट घेऊन आल्या, उंबऱ्यावरच बसल्या आणि म्हणाल्या, "पोरीनं बोलावलं म्हणून आले. चालू द्या तुमचं." त्या गृहस्थांनी पुष्कळ आरडाओरड केली; परंतु मावशींना उलट विचारावे असे त्यांना काही सापडेना. मावशी अर्धी रात्र तेथेच बसून राहिल्या. त्या रात्रीपुरता तरी हात थांबला.

आबा का परत आले आणि मावशी का परत आल्या नाहीत, या एका कोड्यावर मी पुढे कितीतरी विचार केला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे आजच्या भाषेत दहावीपर्यंतचे. त्यावर चित्रकलेची पदविका. तेव्हा मोठ्या राज्यशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. परंतु देशही वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखेच शेजारी शेजारी राहतात, त्यांच्यातही पातळ पडद्या असतात, आणि पलीकडून आवाज आला की रेडिओ मोठा करणारेही असतात. म्हणून हे कोडे मी वाड्यातून उचलून जगाच्या नकाशावर ठेवून पाहणार आहे. उदाहरणे आफ्रिकेची घेतो. कारण 'शेजाऱ्याने बोलावे की नाही' या प्रश्नाचा त्या खंडातल्या देशांनी गेल्या साठ वर्षांत फार कष्टाने, आपल्या रक्ताने शाई करून, विचार केलेला आहे.

आफ्रिकेचा नकाशा काढायला सांगितला की माझ्या वर्गातली मुले खूश होतात. कारण पुष्कळ सीमा पट्टी लावून सरळ काढता येतात. त्या पट्टीनेच काढलेल्या आहेत. युरोपातल्या सत्तांनी १८८४-८५ साली बर्लिनला बसून त्या खंडाच्या वाटणीचे नियम ठरविले, आणि एकेका जमातीच्या मधून रेघा गेल्या. पुढे जे देश स्वतंत्र झाले त्यांना ही घरे अशी दुसऱ्याने आखलेली मिळाली. १९६३ च्या मे महिन्यात अदिस अबाबा येथे अशा ३२ स्वतंत्र देशांनी 'आफ्रिकी ऐक्य संघटना' स्थापन केली, तेव्हा तिच्या सनदेत त्यांनी एक तत्त्व आग्रहाने घातले: कोणत्याही सभासदाच्या अंतर्गत कारभारात दुसऱ्याने हात घालू नये.

या तत्त्वाला आपण हसू नये. ज्याच्या घरात दोन पिढ्या परका मालक बसून होता, आणि तोही 'तुमच्याच भल्यासाठी आलो आहे' असे म्हणत बसला होता, त्याला आपला उंबरा पवित्र वाटला तर नवल काय? आपल्या देशानेही १९५४ साली चीनशी करार करताना पंचशीलात हेच एक शील घातले होते. परक्याच्या उपकारांचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांनीच 'आमच्या घरात येऊ नका' हे वाक्य लिहिले, हे विसरता कामा नये.

परंतु परक्याला अडविण्यासाठी लावलेली कडी घरातल्याला बाहेर पडू न देण्यासाठीही वापरता येते. १९७१ च्या जानेवारीत युगांडात इदी अमीन या सेनाधिकाऱ्याने सत्ता बळकावली. १९७२ च्या ऑगस्टमध्ये त्याने देशातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत निघून जाण्याचा हुकूम दिला. त्या लोकांत गुजराती होते, पंजाबी होते आणि आपले गोवेकरही होते. कंपाला आणि एंटेबे येथील सरकारी कचेऱ्यांतून त्यांनी वर्षानुवर्षे काम केले होते, तेथे त्यांचे क्लब होते, शाळा-सोहळे होते. एकेका पेटीत संसार भरून ती कुटुंबे बाहेर पडली. पण ती निदान बाहेर पडू शकली. युगांडाच्या सामान्य माणसाला ती वाटही नव्हती. अमीनच्या सैनिकांच्या हातून मेले ते मुख्यतः युगांडाचेच लोक. आणि शेजारी काय करीत होते? १९७५ च्या जुलैत ऐक्य संघटनेची परिषद अमीनच्याच राजधानीत भरली आणि प्रथेप्रमाणे संघटनेचे अध्यक्षपद त्यालाच मिळाले. ताट आले, "छान झालंय हो," असे म्हणून ते परत गेले.

त्या परिषदेला न जाणाऱ्या थोड्यांत टांझानियाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे होते. ते मूळचे शाळामास्तर; त्यांचे लोक त्यांना 'म्वालिमु' म्हणजे गुरुजीच म्हणत. गोरा माणूस काळ्याला मारतो तेव्हा आपण ओरडतो, मग काळा माणूस काळ्याला मारतो तेव्हा गप्प का, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. पुढे अमीनच्या सैन्याने टांझानियाच्या हद्दीत घुसखोरी केली, तेव्हा न्येरेरेंच्या फौजा उलट चालून गेल्या आणि १९७९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी कंपाला घेतले. त्याच वर्षी संघटनेच्या परिषदेत काही प्रमुखांनी दोष दिला तो न्येरेरेंना: तुम्ही उंबरा ओलांडलात! आता न्येरेरेंच्या स्वतःच्या देशातही तेव्हा एकच राजकीय पक्ष होता, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या दाराचीही एक फळी लावलेलीच होती.

या मौनाची पुरी किंमत १९९४ साली रवांडाने दिली. एप्रिलपासून जुलैपर्यंतच्या सुमारे शंभर दिवसांत तेथे आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. हाक आली नव्हती असे म्हणावयासही जागा नव्हती. रवांडातल्याच मानवी हक्क संघटनांच्या विनंतीवरून बाहेरचे तज्ज्ञ १९९३ च्या आरंभी येऊन चौकशी करून गेले होते आणि त्यांनी अहवालही छापला होता. पोरगी मागच्या दाराने पळत आली होती. दार कोणी उघडले नाही.

त्यानंतर आफ्रिकी देशांनी आपली सनदच बदलली. २००० सालच्या जुलैत लोमे येथे नव्या 'आफ्रिकी संघा'चा कायदा संमत झाला. त्यात पूर्वीची हस्तक्षेपाची मनाई राहिली. परंतु युद्धगुन्हे, वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे अशा घोर प्रसंगी संघाला सभासद-देशात हस्तक्षेप करण्याचा हक्क राहील, आणि घटनाबाह्य रीतीने झालेला सत्ताबदल संघ मानणार नाही, असेही लिहिले गेले. जुन्या वसाहतवाल्यांनी नव्हे, तर पूर्वी उंबरा पवित्र मानणाऱ्यांनीच स्वतःच्या हाताने हे लिहिले. मला हे एका मोठ्या माणसाने आपली चूक कबूल करण्यासारखे वाटते.

कागदावर लिहिणे सोपे. प्रत्यक्षात काय घडते? त्यासाठी गांबियाकडे पाहू. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा हा सर्वांत लहान देश. एका नदीच्या दोन्ही काठांवरची चिंचोळी पट्टी, तीन बाजूंनी सेनेगल. नकाशात कोणी बोट खुपसावे तशी. तेथे मत देण्याची रीत मला फार आवडते. निरक्षर माणसालाही मत देता यावे म्हणून प्रत्येक मतदाराला एक गोटी देतात. आत उमेदवारांच्या रंगांची पत्र्याची पिंपे असतात; ज्याला मत द्यावयाचे त्याच्या पिंपाच्या नळीत गोटी सोडावयाची. गोटी आत पडली की घंटी वाजते. एकदा वाजली तर ठीक. दोनदा वाजली तर बाहेर कळते की कोणी लबाडी केली.

या गोट्यांनी १ डिसेंबर २०१६ रोजी, बावीस वर्षे सत्तेवर असलेल्या याह्या जामे यांना पाडले आणि अडामा बॅरो यांना निवडले. जामे यांनी दुसऱ्या दिवशी पराभव मान्यही केला. मग ९ डिसेंबरला त्यांनी तो शब्द फिरविला. सैन्य त्यांच्या हाती होते. पूर्वीचा काळ असता तर पुढची गोष्ट सांगावयाला काही उरलेच नसते.

पण आतून हाक उठली. वकिलांच्या संघटनेने निषेध केला. माझ्या पेशाच्या अभिमानाने सांगतो, शिक्षकांच्या संघटनेनेही केला, आणि ज्यांना बावीस वर्षे घरातही दबक्या आवाजात बोलावे लागे त्या लोकांनी केला. 'गांबियाने ठरविले आहे' हे शब्द लोकांनी सदऱ्यांवर छापून घातले. ती हाक पश्चिम आफ्रिकेतील पंधरा देशांच्या 'इकोवास' या संघटनेने ऐकली. ही संघटना १९७५ साली व्यापारासाठी निघाली; परंतु सत्ता निवडणुकीनेच मिळवावी असा करार तिच्या सभासदांनी २००१ साली आपसांत केला होता. लायबेरिया, नायजेरिया, सिएरा लिओन आणि घाना यांचे अध्यक्ष स्वतः जामे यांना भेटावयास गेले. बॅरो यांना सेनेगलने आसरा दिला. १९ जानेवारी २०१७ रोजी डाकार येथील गांबियाच्या वकिलातीत त्यांचा शपथविधी झाला. शेजाऱ्यांचे सैन्य सरहद्दीवर आले, आत शिरले आणि थांबले. गिनी आणि मॉरिटानियाच्या अध्यक्षांनी पुन्हा बोलणी केली. २१ जानेवारीला जामे विमानात बसून देश सोडून गेले. लढाई झालीच नाही म्हटले तरी चालेल.

मला या हकिगतीत मावशी दिसतात. घरातल्या कोणीतरी बोलाविले होते, आणि उंबऱ्यावर बसून राहण्याची तयारी होती. शिवाय जे सांगितले ते शेजाऱ्यांच्या मनचे नव्हते. घरच्यांनी आधीच ठरविलेले होते. कोणाला निवडावे हे डाकारने ठरविले नाही, गोट्यांनी ठरविले.

येथेच थांबलो असतो तर निबंध गोड झाला असता. परंतु आबांची गोष्टही सांगितली पाहिजे.

२०१५ साली, म्हणजे गांबियाच्या निवडणुकीच्या आदल्या वर्षी, इकोवासपुढे एक प्रस्ताव आला होता: कोणत्याही सभासद-देशात अध्यक्षाने दोनहून अधिक वेळा पदावर राहू नये. टोगो आणि गांबिया यांनी विरोध केला आणि तो प्रस्ताव बारगळला. पुढे २०२० साली, ज्यांनी जामे यांची समजूत घालून त्यांना विमानात बसविले होते त्याच गिनीच्या अल्फा कोंदे यांनी नवी घटना करून तिसऱ्यांदा अध्यक्षपद मिळविले. त्याच वर्षी कोत दिव्वारचे अध्यक्षही तिसऱ्यांदा निवडून आले. त्या वेळी शेजारी कडक शब्दांत बोलल्याचे दिसले नाही. चकली नरम होती, पण ती अध्यक्षांच्या घरची होती. कोंदे यांना २०२१ साली त्यांच्याच सैनिकांनी खाली ओढले. माली आणि बुर्किना फासो येथेही सैन्याने सत्ता घेतली.

मग २६ जुलै २०२३ रोजी नायजरमध्ये सैनिकांनी निवडून आलेल्या मोहम्मद बाझूम यांना कोंडले, तेव्हा इकोवास खडबडून उठली. आठवड्याची मुदत दिली, सैन्य पाठविण्याची धमकी दिली, सीमा आणि व्यापार बंद केला. नायजेरियाने वीज तोडली, आणि नायजरची बहुतांश वीज तेथूनच येत असे. परंतु या वेळी राजधानी नियामेच्या मैदानात हजारो लोक जमले ते सैनिकांचा जयजयकार करावयास. बाझूम यांच्या बाजूचे कोणी नव्हते असे नव्हे. परंतु त्यांचा आवाज क्षीण होता, आणि सैनिकांना एक आयते उत्तर सापडले होते: 'आम्हांला लोकशाही शिकवावयास आलात? तुमच्या घरातल्या तिसऱ्या कारकीर्दीचे काय?' आबांना मिळाले तेच उत्तर. अंधारात बसले आणि महागाई सोसली ती बाजारात भाजी विकणाऱ्या बायांनी. धमकी धमकीच राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये बहुतेक निर्बंध उठले. तोवर नायजर, माली आणि बुर्किना फासो यांनी संघटना सोडल्याचे जाहीर केले होते, आणि २९ जानेवारी २०२५ रोजी ते रीतसर बाहेर पडले. उंबऱ्यावर जाऊन परत फिरलेला शेजारी, मुळीच न गेलेल्या शेजाऱ्याहूनही अधिक नुकसान करतो, असे कधी कधी वाटते. कारण नंतर पडदीपलीकडचा आवाज वाढतो.

आता कोणी विचारील, की मग ज्याचे घर निर्मळ नाही त्याने कधी बोलूच नये काय? तसे म्हटले तर जगात बोलणारा एकही उरणार नाही. आबांनी मला मारले म्हणून शेजारणीचा मार योग्य ठरत नव्हता. त्या संध्याकाळी आबांना आणखी एक मार्ग होता, असे मला आज वाटते. "होय, पोराला मी मारलं. ते चुकलं. पण आता तुम्ही हात थांबवा," असे म्हणून ते तेथेच उभे राहू शकले असते. निर्मळ घर ही अट फार मोठी आहे. उघडे दार ही अट पाळता येण्याजोगी आहे. माझ्याही घरात पाहा आणि सांगा, असे जो म्हणू शकतो त्याला बोलण्याचा हक्क येतो.

आणि हीच कल्पना आफ्रिकेतल्या काही देशांनी कागदावर उतरवून दाखविली आहे. २००३ साली त्यांनी परस्परांच्या कारभाराचे परीक्षण करण्याची योजना सुरू केली. सक्ती कोणावरही नाही. ज्याला हवे त्याने यात यावे. आलेल्या देशाने आधी स्वतःच स्वतःची तपासणी करावयाची, आणि ती एकट्या सरकारने नव्हे, तर संघटना, व्यापारी, शेतकरी, स्त्रिया, विद्वान यांना बरोबर घेऊन. मग बाहेरच्या जाणत्या माणसांचे पथक येऊन गावोगाव विचारपूस करते. आणि शेवटी तो अहवाल बाकीच्या राष्ट्रप्रमुखांसमोर त्या देशाच्या प्रमुखाला ऐकून घ्यावा लागतो. हे दार पहिल्याने घानाने उघडले.

दक्षिण आफ्रिकेची पाळी २००७ साली आली. अहवालात इतर गोष्टींबरोबर असा इशारा होता की बाहेरून आलेल्या आफ्रिकी लोकांविषयीचा द्वेष या देशात वाढतो आहे, वेळीच लक्ष घाला. सरकारला तो मान्य झाला नाही. असे काही नाही, असेच उत्तर गेले. मे २००८ मध्ये जोहान्सबर्गच्या गरीब वस्त्यांतून दंगे पेटले. झिंबाब्वे, मोझांबिक अशा देशांतून पोटासाठी आलेल्या माणसांची घरे जाळली गेली, आणि ६२ माणसे मेली. त्यांत दक्षिण आफ्रिकेचे नागरिकही होते. केनियाच्या २००६ सालच्या अहवालातही जमातीजमातींतील तेढीकडे बोट दाखविलेले होते. २००७ च्या डिसेंबरात निवडणूक झाली आणि त्यानंतरच्या हिंसाचारात हजाराहून अधिक बळी गेले.

मग आरसा कशासाठी धरावयाचा, तो पाहणार कोणी नसेल तर? या प्रश्नाला मला शाळेतच उत्तर मिळाले. ते माझ्या नामुष्कीचे आहे.

आमच्या भागातल्या काही शाळांनी एकदा ठरविले, की शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात बसून पाठ पाहावा आणि छापील कागदावर अभिप्राय लिहावा. शाळा लहान असल्यामुळे मी चित्रकलेबरोबर मराठीही शिकवीत असे. मी ज्या गुरुजींच्या वर्गात बसलो ते माझे स्नेही होते. त्यांच्या वर्गातल्या मागच्या दोन बाकांवरच्या मुलांना ओळ वाचता येत नव्हती. पुस्तक उलटे धरून एक मुलगा ओठ हलवीत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. कागदावर मी लिहिले, 'पाठ उत्तम झाला.' पुढच्या आठवड्यात ते माझ्या वर्गात आले. माझ्याही मागच्या बाकावर तेच होते. त्यांनीही लिहिले, 'पाठ उत्तम झाला.' आम्ही दोघे चहा प्यालो आणि एकमेकांचे आभार मानून घरी गेलो. आम्ही दोन शिक्षकांनी शेजारधर्म पाळला. बुडाली ती दोन वर्गांतल्या मागच्या बाकांवरची मुले.

त्या मुलांपैकी एकालाही त्या कागदावर लिहिण्याचा हक्क नव्हता. तेथे खरी मेख आहे. राष्ट्रप्रमुखांनी राष्ट्रप्रमुखांना तपासावे आणि शिक्षकांनी शिक्षकांना, हे ठीक. परंतु मागच्या बाकाला तोंड नसेल तर दोन्ही कागदांवर 'उत्तम' असेच येणार. केनियात दंगे विझले ते नुसत्या अहवालाने नव्हे. घानाचे कोफी अन्नान, टांझानियाचे माजी अध्यक्ष म्कापा आणि मोझांबिकच्या ग्रासा माशेल हे तिघे २००८ सालच्या जानेवारीत येऊन बसले, २८ फेब्रुवारीला दोन्ही बाजूंच्या सह्या होईपर्यंत बोलणी चालू राहिली. आणि त्या काळात केनियातल्या नागरिकांच्या संघटना आतून दोन्ही बाजूंवर दडपण आणीत होत्या. पुढे २०१० साली केनियाने नवी घटना केली. बाहेरचा शेजारी आणि आतली हाक, दोन्ही लागतात.

दुसऱ्याच्या घराविषयी इतके लिहिल्यावर आपल्या दाराची फळीही थोडी काढावी. आपल्या भागातल्या देशांनी ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाका येथे 'सार्क' स्थापन केली. तिच्या सनदेत असे कलमच आहे, की दोन देशांमधले वादाचे विषय चर्चेला घ्यावयाचे नाहीत. २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर तिच्या प्रमुखांची बैठकच भरलेली नाही. एकमेकांच्या कारभाराचे परीक्षण तर दूर. आपण एकमेकांच्या ओसरीवरही बसत नाही. आफ्रिकेतल्या गरीब देशांनी चुकत-माकत जे करून पाहिले, ते करून पाहण्याचे धाडसही आपण अजून केलेले नाही, हे मान्य करूनच त्यांच्या चुका मोजाव्यात.

गांबियाचेही सारे गोडच झाले असे नाही. नव्या घटनेचा मसुदा २०२० साली तिथल्या संसदेत पडला. शेजाऱ्यांचे सैनिक आले ते थोड्या दिवसांसाठी, पण वर्षानुवर्षे राहिले. तथापि त्या देशाने एक गोष्ट केली. जुन्या राजवटीतले अत्याचार त्याने एका आयोगापुढे उघड्यावर सांगू दिले. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्याने म्यानमारविरुद्ध रोहिंग्यांच्या संहाराबद्दल दावा लावला. कोठे गांबिया आणि कोठे म्यानमार! ज्याच्या उंबऱ्यावर एकदा कोणी येऊन बसले होते, तो दुसऱ्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसला.

मावशींची गोष्ट पुरी करून थांबतो. त्या रात्री हात थांबला तो कायमचा थांबला नाही. मावशी पुढेही कित्येकदा ताट घेऊन जात राहिल्या. सणावाराचे निमित्त नसले तर वाटीभर आमटी घेऊन. मग एक दिवस शेजारच्या बाई मावशींच्या खोलीत पोळपाट घेऊन बसलेल्या दिसल्या. दोघी मिळून पोळ्या लाटू लागल्या. वर्ष-दोन वर्षांत बाईंच्या हाती स्वतःचे पैसे आले, आवाजात थोडी धार आली; आणि एका रात्री पडदीपलीकडून प्रथमच त्यांचा आवाज त्या गृहस्थांच्या आवाजाहून मोठा ऐकू आला. त्यानंतर मावशींना तेथे जावे लागले नाही. त्या घराचा कारभार मावशींनी कधी हाती घेतला नाही. बाईंच्या अंगी बळ येईपर्यंत त्या फक्त जवळ राहिल्या.

आबांनीही त्या लक्ष्मीपूजनानंतर मला पुन्हा कधी मारले नाही. शेजाऱ्याने त्यांना जे ऐकविले ते त्यांनी ऐकले असावे. दुसऱ्याचे घर सावरावयास गेलेला माणूस हात हलवीत परत आला, तरी स्वतःच्या घरासाठी काहीतरी घेऊन येतो. ताट रिकामे परत येत नाही, असे म्हणतात ते याही अर्थाने खरे असावे.